गेल्या वर्षीची आय

आमच्या निर्मळ गावचा इनास बोलताना तुमच्या डोळ्यांत बघत नाही. भुवयांच्या चार बोटं वर बघतो. माझ्या टकलाकडे इतक्या प्रेमानं माझ्या बायकोनंही कधी पाहिलेलं नाही.

एका लग्नात स्टेजवर चढून त्यानं नवऱ्या मुलाला शुभेच्छा दिल्या, "वा! काय पातळ कवटी आहे रे तुझी!" नवरीचा बाप जेवण टाकून धावत आला. "पातळ म्हणजे? लग्न जमवताना कुणी बोललं नाही ते!"

इनासचा धंदाच डोक्यांचा. मेंदू झिजवणाऱ्या आजारांत बाहेरून चुंबकाचे झटके दिले तर काही उपयोग होतो का, यावर संशोधन चालतं. चुंबक कुठं धरला की आत वीज कुठं पोचेल, हे इनास आधी कॉम्प्युटरवर मांडून बघतो. "भाऊ, डोकं डोक्यासारखं नसतं," हे त्याचं पालुपद. दर डोक्याला नवं गणित; कवटी पातळ असली की मेंदू चुंबकाच्या तेवढा जवळ.

गावाला एवढंच कळलं, की इनासच्या घरात चुंबक आहे. झालं! केळी उतरवायला येणारा डॉमनिक कोयता कुंपणाबाहेर ठेवू लागला. माझी बायको तिथं अळूवड्या द्यायला जाताना एटीएम कार्ड माझ्याकडे सोपवून जाई. तेवढाच माझ्या संसारातला विश्वासाचा क्षण. खरं तर त्या घरात चुंबक एकच होता. फ्रिजवरचा, मरियामातेच्या चित्राचा.

आणि होती इनासची आय, फिलूमावशी. पूर्वी अख्ख्या गावाची नावं टोपणनावांसकट तिच्या तोंडावर असत. आता पोटच्या पोराचं नावही उरलं नव्हतं. इनासच्या पडद्यावर कायम फिरत असायचं ते डोकं तिचंच.

"मग ने ना तिला त्या चुंबकाखाली," मी एकदा म्हणालो.

"डॉक्टर म्हणतात, आजार इतका पुढे गेल्यावर खात्री नाही. आणि माझंही गणित चुकतं, भाऊ. मेंदू आक्रसतो, कवटीपासून लांब सरकतो. मी एका स्कॅनवरून डोकं उभं करतो, तोवर ते आणखी बदललेलं असतं." त्यानं पडद्यावरचं डोकं अलगद वळवलं. "ही गेल्या वर्षीची आय. हिला मी माहीत होतो."



तेवढ्यात मावशी आतून आली. दिवसभर 'चुंबक, डोकं, आजार' कानावर पडून तिनं आपला अर्थ लावला होता. फ्रिजवरची मरियामाता तिनं काढून आणली आणि इनासच्या कपाळावर दाबून धरली.

"बरं वाटतं का रे, पोरा?"

"वाटतं, आये."

इनासला कुणाच्या डोळ्यांत बघताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मावशी माझ्याकडे वळली, आवाज खाली आणून म्हणाली, "कोणाचा पोर हा? याच्या आयला निरोप धाडा कोणी. वाट बघत असेल बिचारी."