पाहुणे टिकवणारी कडी

नाताळच्या उपासनेला आलेले नवे लोक शेवटचं गीत संपायच्या आत बाजूच्या दाराने पसार होतात, हे पाणीखात्यातल्या कारकुनाच्या लक्षात आलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

चर्चमध्ये माणसं इतकी कमी उरली होती, की यंदा भर पडली नाही तर दाराला कायमचं कुलूप लागणार, असं पाळकसाहेबांनी सांगून टाकलं होतं. पाहुण्यांच्या स्वागताचं काम कारकुनाच्या गळ्यात पडलं. (तो बैठकीला उशिरा पोचला होता. उशिरा येणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते.)

"बाजूचं दार लावून टाकतो," तो बायकोला म्हणाला. "पुढचं दार दुरुस्तीसाठी बंदच आहे. सगळ्यांना चहाच्या खोलीतूनच जावं लागेल. चहा पितील, ओळख होईल, पुन्हा येतील."

"अहो, आवडलं तर माणसं आपणहून थांबतात. कोंडून कोण थांबतं?"

"कोंडतोय कुठे? वळवतोय."

कडी गंजलेली होती. सगळे आत आल्यावर त्याने ती हातोडीने ठोकून बसवली.

उपासना सुरेख झाली. बाकं भरलेली पाहून त्याचा ऊर भरून आला. शेवटच्या गीताला त्याने ऐटीत चहाच्या खोलीच्या दाराची मूठ ओढली आणि मूठ हातात आली.

"अगं, आतून ढकल," तो फटीतून पलीकडे चहा ओतणाऱ्या बायकोला कुजबुजला.

"ढकलतेय. चहा गार होतोय."

तो कडीकडे धावला. कडी ढिम्म हलेना. गायनमंडळाने वेळ मारून न्यायला आणखी दोन गीतं घेतली, मग पहिलंच पुन्हा सुरू केलं. तान्हं मूल रडू लागलं. एक नर्स म्हणाली, "मला ड्यूटी आहे हो."

"पाहुणे टिकवा म्हटलं होतं," पाळकसाहेब त्याच्या कानाशी म्हणाले. "डांबून ठेवा नव्हतं म्हटलं."

अखेर सगळे खिडकीतून उतरले. कारकुनाने खाली उभं राहून एकेकाला हात दिला आणि प्रत्येकाला "पुन्हा या" म्हटलं. जो तो पाय टेकताच फाटकाकडे सुटला.

आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. आपल्या हाताने आपण चर्च बंद पाडलं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पुढच्या रविवारी मात्र ती नर्स फाटकाशी दिसली. कारकून अक्षरशः पळत गेला.

"या ना, आत या. पुढे जागा ठेवतो."

"नको, मी इथेच बरी आहे," ती फाटकाची दांडी घट्ट धरून म्हणाली. "खिडकीखाली माझी एक चप्पल राहिलीय. तेवढी आणून द्याल?"