सौजन्याचा टँकर

आमच्या संडासची टाकी भरली, ही गोष्ट मला कोणालाच कळू द्यायची नव्हती. आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तर तुम्हीच काय घोडं मारलंय? ऐका.

मी शालिग्राम, गावाचा शालिकभाऊ. शेलूबाजारला हमरस्त्यावर 'ज्योत्स्ना हार्डवेअर ॲण्ड सॅनिटरी' दिसतं, ते माझं. दुकानाला नाव बायकोचं, चुका माझ्या. शिक्षण सातवी; पुढचं सगळं काउंटरवर. वीस वर्षं झाली, पाइप, कमोड आणि सल्ला विकतो. (सल्ला फुकट असतो, म्हणून खप त्याचाच जास्त.) गिऱ्हाईक संडास बांधायला निघालं की मी सांगणार, "टाकी अशी बांध, की उपसायची पाळी तुझ्या नातवावर यावी!" दर तीन-चार वर्षांनी टाकी उपसावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे. असेल. पुस्तक लिहिणाऱ्याला जागेची अडचण असेल. मी घरामागे बारा बाय दहाचा खड्डा घेतला तेव्हा शेजारी विचारायला आले, विहिरीला पाणी किती फुटावर लागलं. चौदा वर्षं झाकण उघडलं नाही, आणि हे मी गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगायचो.

गुरुवारी सकाळी आमच्या कमोडने ढेकर दिला.

एरवी ढेकर सोसला असता. पण रविवारी चार वाजता उकंडराव घर पाहायला येणार होते. माझा मुलगा उत्कर्ष एकतिसाव्यात आहे, आणि अकरा स्थळं नाही म्हणून गेली होती. कोणाला पुण्याचा मुलगा हवा होता, कोणाला नोकरीवाला. दोघांनी तर फोन उचलणंच सोडलं. बारावं स्थळ रिसोडकडच्या उकंडरावांच्या सपनाचं. मुलगी नर्स. मुलामुलीची पसंती झालेली, घर तेवढं पाहायचं राहिलेलं. पूर्वी घर पाहायला आलेले लोक गोठ्यातली जनावरं मोजत. आता मुलीची मावशी हात धुवायच्या निमित्ताने आत जाते आणि फ्लश ओढून पाहते. एक ठरत आलेलं लग्न फ्लशवर मोडलेलं मला माहीत आहे. (फ्लश माझ्या दुकानातला होता. तो विषय वेगळा.)

"अवो, उपसाची गाडी बोलवा न सरळ," बायको म्हणाली.

"अन् दारापुढं उभी करू? लोक म्हनतीन, शालिकचीच टाकी भरली! उद्या माह्या सल्ल्यानं कोन टाकी बांधीन?"

"मंग पाहुण्यायले काय म्हनू? घरून जाऊन या म्हनू?"

यावर मी विचार करतो असं दाखवून दुकानात आलो, आणि तिथेच मला ती कल्पना सुचली. (माझ्या सगळ्या कल्पना दुकानात सुचतात आणि घरी फुटतात.) गेल्या उन्हाळ्यात मी गावाला पाण्याचा एक टँकर दिला होता. त्याचा फ्लेक्स माळ्यावर पडून होता: 'पिण्याचे शुद्ध पाणी. सौजन्य: शालिग्रामभाऊ', शेजारी हात जोडलेला माझा फोटो. उपसाच्या गाडीला हा फ्लेक्स गुंडाळला की काम संपलं. टाकी रिकामी, अब्रू भरलेली, वर जाहिरात.

गाडी देवमनची. डिप्लोमा झालेला माणूस. गाडी धुऊनपुसून लख्ख, वर स्वतःचं नाव. त्याला रविवारशिवाय वेळ नव्हता. फ्लेक्स पाहून म्हणाला, "शेठ, माह्या गाडीवर माहं नाव हाये, मले लाज नाई. तुमाले काहून लागून राह्यली?"

"तुले धंद्यातलं समजत नाई देवमन. बांध."

त्याने बांधला. गाडी दारापुढे, नळी बोळातून मागे. वासावर उपाय म्हणून मी उदबत्तीचे दोन पुडे एकदम पेटवले. उत्कर्ष मागे हातमोजे घालून नळी धरून उभा. रविवारी सकाळी सात वाजता पहिली खेप भरून गेली. बारा बाय दहा म्हणजे एका खेपेचं काम नव्हतं. देवमन ती लांबच्या केंद्रावर रिकामी करून दहाला परत आला, आणि तिसऱ्यांदा एकला.

आता एक गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. मे महिना. नळ आठ दिवसांआड. आणि 'पिण्याचे शुद्ध पाणी' सकाळपासून तीनदा आमच्या दारात थांबलेलं अख्ख्या गल्लीने मोजलं होतं.

दोन वाजत आले तेव्हा मी दार उघडलं, तर बाहेर पाण्याच्या गुंड-कळशा, बकेटा, ड्रम. रांग पार पिठाच्या गिरणीपर्यंत. सगळ्यांत पुढे नानीबाई. आमच्या गल्लीत नळाचा, भांडणाचा आणि वरातीचा नंबर तीच लावते.

"काहो शालिकभाऊ, तीन टँकर घरात जिरवले? उदबत्त्या लावून पूजा बी केली! अन् लोकायच्या लेकराईले थेंब नाई?"

"संपलं जी पानी."

"संपलं? गाडी तर खाली बसून राह्यली वजनानं!"

तेवढ्यात जीप येऊन थांबली. चारचे पाहुणे दोनला आले होते. उकंडराव उतरले, मावशी उतरली, सपनाही उतरली. उन्हाने तिघांचे चेहरे लाल झालेले. एवढी रांग आणि फ्लेक्सवर माझे जोडलेले हात पाहून उकंडरावांचा ऊर भरून आला.

"वा, व्याही! पान्याचं पुन्य करून राह्यले तुमी!"

मी त्या फोटोसारखेच हात जोडले.

नानीबाई कितीही भांडो, पाहुणा दारात आला की तिचा राग जागच्या जागी विरतो. तिने माझ्याच घरातून स्टीलचा गिलास आणला आणि रांगेला हुकूम सोडला, "सरका! पह्यला गिलास पाहुण्यायले!" मग गाडीमागच्या मोठ्या नळाला हात घालून, "खोल रे, देवमन!"

देवमन माझ्याकडे वळला. "शेठ, तुमी सांगता का मी सांगू?"

सांगितलं तर बारावं स्थळ गेलं. नाही सांगितलं तर होणारे व्याही गिलास तोंडाला लावतात. उकंडरावांनी हात पुढे केलासुद्धा. नळ एक आटा फिरला.

"नानीबाई, हात काढ!" मी ओरडलो. "ते पानी नाई!"

"मंग काय हाये?"

"आमच्या घरचं हाये."

"घरचं म्हंजे?"

"चौदा वर्षांचं."

शब्द रांगेतून गिरणीपर्यंत पोचला. नानीबाईने गिलास पाहिला, फ्लेक्स पाहिला, फोटोतले माझे हात पाहिले. "असं सौजन्य घरीच ठेवत जा, भाऊ," एवढंच म्हणाली आणि रिकामी गुंड कमरेवर घेऊन चालती झाली. तिच्यामागे गल्ली गेली. जाता जाता एकाने विचारलं, "शालिकभाऊ, आमची टाकी कितव्या नातवापर्यंत पुरीन?"

तेवढ्यात मागून उत्कर्ष आला. गुडघ्यापर्यंत माखलेला, हातात मोजे. पाहुण्यांना पाहून थबकला, मग म्हणाला, "या न, बसा आत. माही आंघोळ होते, आलोच." मी डोळे मिटले.

पाहुणे बसले. बायकोने माठातलं पाणी आणलं. एकानेही तोंडाला लावलं नाही. मावशी आत गेली. फ्लशचा आवाज दोनदा आला. चहालाही नको म्हणून मंडळी निघून गेली. ज्योत्स्ना माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. (एरवी मला हे सुख वाटलं असतं.)

तिसऱ्या दिवशी उकंडरावांचा फोन. मी उभा राहून उचलला.

"पोरगी म्हनते, टाकी खरंच उपसलेली हाये याची डोळ्यानं खात्री झालेलं हे पह्यलंच घर. बाकीच्यायनं नुसत्या टाइल्स दाखवल्या. अन् पोरगा कामाले लाजत नाई, हे बी पाह्यलं. आमचं पक्कं हाये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "व्याहीबुवा, तुमची काई मागनी असंन तर मोकळेपनानं सांगा."

"मागनी कायची? हात जोडून एक विनंती हाये," उकंडराव म्हणाले. "लग्नातलं पानी आमी घरून आनू."