उत्तमआप्पांचा पॉज

उत्तमआप्पांनी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्याच तासाला माझा सत्कार केला. मी अजून हजेरीसुद्धा घेतली नव्हती. पन्नाशीचा एक दांडगा गृहस्थ मागच्या बाकावरून उठला, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे सावरत पुढे आला, माझे दोन्ही खांदे धरून मला नीट उभं केलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि वर्गाकडे वळून म्हणाला, "टाळ्या!" पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. मी तासिका तत्त्वावर शिकवणारा मास्तर. माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

आप्पा तेलगावच्या बाजूचे. ऊस, कापूस, पंचायत समितीची एक टर्म आणि एक पांढरी गाडी, जी त्यांचा बालमित्र पांडबा चालवतो. त्या गाडीतून ते रोज अंबाजोगाईला आमच्या कॉलेजात यायचे. डिकीत शालींचा गठ्ठा आणि नारळांचं पोतं कायम. दारात आलेला माणूस सत्काराशिवाय परत जायचा नाही, हा त्यांचा नियम. विभागात प्रिंटर बसवायला आलेल्याचा त्यांनी सत्कार केला. नळ दुरुस्त करणाऱ्याचा केला. तो बिचारा ओल्या हातात नारळ धरून फोटोला उभा राहिला. शाली सगळ्या एकाच जातीच्या, हळदी रंगाच्या, तांबड्या काठाच्या. माणसं त्या न्यायला लाजायची आणि विभागातच ठेवून जायची. मग आमच्या शिपाईमामांनी एक प्रिंटरवर टाकली, एक खिडकीला पडदा म्हणून लावली आणि एक चौघडी करून स्वतःच्या खुर्चीत बुडाखाली घेतली.

आप्पांचं दुसरं वेड म्हणजे 'विषय संपला'. हे दोन शब्द म्हटले की त्यांच्या दृष्टीने पुढे कुणी बोलायचं नाही. मी वर्गात एक शोकांतिका शिकवत होतो. पहिल्या अंकाच्या मध्यावरच आप्पा म्हणाले, "राजा पडनार, सर. आतलाच मानूस फुटलाय. विषय संपला." पोरांनी पुस्तकं मिटली. उरलेले चार अंक मी भिंतीला शिकवले.

हा माणूस माईक मिळाला की हजाराच्या सभेला हलू देत नसे. इंग्रजीत मात्र त्याची जीभ टाळूला चिकटायची. पहिल्या वर्षी आप्पा सेमिनारला उभे राहिले आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे 'रिस्पेक्टेड प्रेसिडेंट ऑफ द प्रोग्राम'पासून जी सुरुवात केली, ती व्यासपीठ, प्राध्यापक, पत्रकार बांधव, माता-भगिनी असं करत करत वेळ संपेपर्यंत स्वागतातच अडकली. पत्रकार बांधव तर आलेच नव्हते. विषयाला हातच लागला नाही. मार्क किती पडले ते मी सांगत नाही, देताना माझीच मान खाली गेली होती.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प असतो आणि त्यावर तोंडी परीक्षा. बाहेरून परीक्षक येतात. तिथे गप्प बसलं की पदवी अडकली. आप्पांचा मार्गदर्शक मीच. मी त्यांना साधा विषय घ्या म्हणून सांगत होतो. पण तेव्हा वर्गात एक आधुनिक नाटक चालू होतं आणि त्यात संवादांच्या मधे कंसात एकच शब्द सारखा येत होता.

"सर, ह्ये कंसात काय हाय?"

"पॉज. म्हणजे पात्रं थोडा वेळ गप्प राहतात."

"दोगं बी?"

"हो."

"अन् ह्ये लेखकानं लिवलंय? गप ऱ्हायलेलं लिवून ठिवलंय?"

उरलेला तास आप्पा पानं उलटत कंस मोजत बसले. सुटताना म्हणाले, "माजा प्रकल्प पॉजवर." मी म्हटलं, आप्पा, अवघड आहे, भल्याभल्यांना बोलता येत नाही त्यावर. "विषय संपला," आप्पा म्हणाले.

मी चिडलो. माझा स्वभाव तसा तापट आहे. कँटीनमध्ये चहा पिताना मी विचारलंच, या वयात हे इंग्रजीचं खूळ कशाला? आप्पांनी बशीतला चहा फुंकत सगळं सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक ऋतुजा. बी.ए. झाल्यावर तिला हैदराबादला जाऊन इंग्रजीच घ्यायचं होतं. इकडे आप्पांनी सोयरीक पक्की करून टाकली होती.

"मी म्हणलो, लगीन ठरलंय, विषय संपला. ती गेली निगून. तिथंच एम.ए. केलं, आता पीएच.डी. करतीय. विषय खरंच संपला बगा, सर."

"बोलणं नाही?"

"हाय की. रोज सांच्याला फोन लावतो. जेवलीस का? हो. बरं. फुडं कायच न्हाई. उसाचं बोलावं तर तिला त्यात काय गोडी? मग तीबी गप, मीबी गप." त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हणलं, तिचाच विषय घ्यावा. तिला सांगितलंय, तोंडी पास झालो की त्याच्यावर बोलू. आता नापास झालो तर फोनवर काय बोलू, सांगा."

त्या दिवसापासून मी आप्पांना रोज तास सुटल्यावर थांबवून घ्यायला लागलो. मी त्यांची तयारी घेत होतो. प्रश्न विचारला की ते उभे राहायचे, घाम पुसायचे आणि 'रिस्पेक्टेड' म्हणून थांबायचे. "आप्पा, स्वागत नको!" मी ओरडायचो. "स्वागत न्हाई," ते मान हलवायचे. हे मी शंभरदा बजावलं, आणि तिथेच माझं चुकलं. मी फक्त परीक्षेच्या खोलीतल्या स्वागताबद्दल बोलत होतो.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक मॅडम बीडकडून गाडीने आल्या. विभागात शिरल्या त्या फेट्यासह. फेटा डोक्यावर नव्हता, हातात होता. दुसऱ्या हातात शाल आणि नारळ. तिन्ही वस्तू त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "हे उत्तमराव कोण?"

झालं होतं असं, की मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे त्याला वाटेत सामोरं जायची पद्धत. आप्पा माणसं घेऊन सकाळीच बीडच्या रस्त्यावर मांजरसुंब्याच्या चौकात जाऊन उभे राहिले होते. मॅडम ढाब्यावर चहाला उतरल्या आणि आप्पांनी भर हमरस्त्यावर त्यांचा सत्कार केला. टाळ्या वाजल्या. ट्रकवाल्यांनीही वाजवल्या म्हणे.

"परीक्षेच्या आधी परीक्षकाला भेटवस्तू," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "मी तोंडी घेणार नाही. विद्यापीठाला लेखी कळवते."

आप्पा बाहेर व्हरांड्यात उभे होते, कागद छातीशी धरून. "मॅडम," मी म्हटलं, "ते सगळ्यांचाच सत्कार करतात. नळवाल्याचासुद्धा केला होता."

"असं सगळेच सांगतात."

नळवाल्याला साक्षीला कुठून आणू? तेवढ्यात मॅडमना पत्र लिहायला कोरा कागद हवा होता, म्हणून शिपाईमामा उठले. त्यांच्या खुर्चीवरची चौघडी मॅडमना दिसली. हळदी रंग, तांबडा काठ. मामांनी कागद काढायला प्रिंटरवरची शाल उचलली. हळदी रंग, तांबडा काठ. मॅडमनी टेबलावरच्या आपल्या शालीकडे पाहिलं, मग हळूच खिडकीकडे. पडदा वाऱ्याने हलत होता.

"नळवाल्याची कुठली?" त्यांनी विचारलं.

"ती पडद्याला हाय, मॅडम," मामा म्हणाले.

मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि पडद्याचा काठ बोटांनी चाचपून आल्या. मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "बोलवा त्यांना. पण मी एक मार्कही सैल सोडणार नाही."

आप्पा आत आले. खुर्चीत बसा म्हटलं तरी उभे. मॅडमनी इंग्रजीत सरळ विचारलं, की कुणी बोलतच नसेल तर त्या पॉजमध्ये असतं तरी काय? आप्पांनी तोंड उघडलं. मला त्यांच्या ओठांवर 'रिस्पेक्टेड' दिसला. मी जोरात मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं. पंखा कुरकुरत होता. मॅडमचं पेन मार्कांच्या रकान्यावर आलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "इन पॉज, बोथ आर देअर."

पेन थांबलं.

"ही इज नॉट टॉकिंग. शी इज नॉट टॉकिंग." आप्पांनी घाम पुसला. "बट नोबडी इज कटिंग द फोन."

"फोन?" मॅडमनी चष्मा वर केला. "या नाटकात फोन कुठे आहे?"

"सॉरी, मॅडम. नो फोन." आप्पा गडबडले. "टेबल हाय. टेबल इज देअर. दे आर सिटिंग. नोबडी इज गेटिंग अप."

मला हसू आलं नाही. माझे डोळेच भरून आले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "बोला पुढे." आणि आप्पा बोलले. व्याकरण जागोजागी पडत होतं, क्रियापदं वाट चुकत होती, पण माणूस थांबला नाही. पानं काढून दाखवली, कुठला पॉज रागाचा, कुठला लाजेचा, कुठला नुसता सवयीचा, एकेक सांगितलं. स्वागत कुणाचंही केलं नाही.

पास झाले. निकाल ऐकून ते मॅडमच्या पाया पडायला वाकले, मी मागून सदरा धरून आवरलं. जाताना मॅडमनी टेबलावरचा नारळ तेवढा उचलला. "हा आता परीक्षेनंतरचा," म्हणाल्या.

बाहेर पांडबानं गाडी चालू करून ठेवली होती. गाडीत न बसता आप्पा पायरीवरच बसले आणि त्यांनी फोन लावला. मी दारात उभा होतो.

"झालो पास," ते म्हणाले. "हां... हां, पॉजवरच. तुला ठावं हाय का ते नाटक?" मग ऐकत राहिले. मग तेही गप्प झाले आणि पलीकडूनही काही येईना. फोन कानालाच होता.

पांडबानं खिडकीतून डोकं काढलं. "आप्पा, रेंज गेली का? तिकडं लिंबाखाली चला."

आप्पांनी फोनवर तळहात दाबून धरला.

"गप बे," ते हळूच म्हणाले. "पॉज हाय."

पांडबानं गाडी बंद केली.