बाबांचा बँड मागे पडतो

माणसाचं आरोग्य माणसाच्याच हातात असतं, असं थोर लोक सांगत आले. कुठल्या हातात, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते डाव्या हातात असतं, मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, आणि दर चार दिवसांनी चार्जिंगला लावावं लागतं, ही मोलाची भर आमच्या पिढीनं घातली.

आमच्या घरात माणसं चार आणि फिटनेस बँडही चार. पूर्वी थोरल्याचा सदरा धाकट्याला यायचा. आता प्रगती झाल्यामुळे वस्तू उलट्या दिशेनं जातात. नवा बँड आधी मुलीला मिळतो, तिचा मला, माझा बायकोला आणि बायकोचा बाबांना. म्हणजे बाबांच्या मनगटावर चढेपर्यंत त्या बँडला आमच्या तिघांच्या घामाचा दांडगा अनुभव असतो (माझ्या घामाचा जरा कमी).

बाबा पंचेचाळीस वर्षं घड्याळजी होते. दुकान बंद केलं तेव्हा त्यांनी टेबल, दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि ऑटोमॅटिक घड्याळं बांधून फिरवायचं एक विजेचं चाक एवढं सामान आपल्या खोलीत आणून ठेवलं. (तिथे आम्ही ट्रेडमिल ठेवणार होतो.) त्यांची खोली पॅसेजच्या टोकाला आहे. माझ्या खुर्चीपासून तिथवर अकरा पावलं भरतात. हे अंतर मी बँडनं मोजून घेतलं आहे, एकदा.

आता आमच्या ऑफिसबद्दल. आमचं ऑफिस कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीला फार जपतं. लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त न करता तिच्यावर ‘हृदयासाठी जिना’ अशी पाटी लावण्यात येते. याच धोरणातून ‘चालतं कुटुंब’ ही योजना निघाली. घरातल्या सगळ्यांची पावलं एकत्र मोजायची आणि दर तीन महिन्यांनी पहिल्या आलेल्या कुटुंबाला ढाल द्यायची. ही ढाल आम्ही लागोपाठ दोनदा जिंकली. आमची रोजची सरासरी चौदा हजार पावलं होती. त्यांपैकी आठ हजार चारशे बाबांची, उरलेली आम्हा तिघांची. त्यांत माझी दोन हजार नऊशे, आणि त्यांतही कॉफीच्या मशीनला घातलेल्या खेपांचा वाटा मोठा होता. ढाल घेतानाचा माझा फोटो नोटीस बोर्डावर लागला. फोटोत बाबा नव्हते, कारण योजना कर्मचाऱ्यांसाठी होती.

आणि मग बाबांचा बँड बिघडला.

आठ हजार चारशेवरून आकडा पाच हजारांवर आला, पुढच्या महिन्यात तीन हजारांवर, मग एक हजार सातशेवर. आम्ही पहिल्या क्रमांकावरून नवव्यावर घसरलो. आमच्यापुढे स्टोअरकीपरचं कुटुंब गेलं, ज्यातला एक सभासद रांगतो. एवढं झाल्यावर घरात समिती नेमण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अध्यक्ष मी, सचिव बायको (ती बँकेत ऑडिटला असल्यामुळे संशय घेण्याचा तिला अनुभव आहे), तरुणांची प्रतिनिधी म्हणून मुलगी, आणि परदेशातून व्हिडिओवर तज्ज्ञ सल्लागार म्हणून मेहुणा. बाबांना समितीत घेतलं नाही. ते लाभार्थी होते.

समितीसमोर प्रश्न एकच होता. बाबांचा बँड अपग्रेड करावा की करू नये? प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. रांग मोडून म्हाताऱ्या माणसाला थेट नवा बँड दिल्याचं उदाहरण आमच्या घराण्यात नाही. शिवाय साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नव्हता. आधी दोष सापडायला हवा होता. समितीनं तीन बैठका घेऊन संभाव्य कारणं काढली ती अशी: बॅटरी थकली असावी. पट्टा सैल बसत असावा (बाबांचं मनगट बारीक झाल्याचं सचिवांनी नोंदवलं. पट्ट्याला आणखी एक भोक पाडण्यात आलं). सेन्सरवर धूळ असावी. किंवा सॉफ्टवेअर अपडेटनं घात केला असावा.

शेवटचं कारण मेहुण्यानं मांडलं आणि ते सगळ्यांना पटलं, कारण तारखाच जुळत होत्या. ज्या दिवशी अपडेट आलं, नेमकी त्याच दिवसापासून पावलं कमी होत गेली. त्याच दिवशी सकाळी बाबांचे पोस्टमनकाकाही गेले होते, असं मुलीनं मध्येच सांगितलं. हे पोस्टमनकाका म्हणजे रिटायर झालेले पोस्टमन. बाबा आणि ते रोज सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचे आणि वाटेत एकमेकांची चूक काढायचे. ही सवय एकवीस वर्षांची. मुलीची माहिती खरी होती. मी स्वतः अंत्ययात्रेला गेलो होतो आणि त्या दिवशी माझ्या बँडनं ‘शाब्बास, आज तुम्ही ध्येय गाठलंत’ असं कळवलं होतं. पण दोन गोष्टी एका दिवशी घडल्या म्हणून त्यांचा संबंध लावणं शास्त्रीय नाही, असं मेहुण्यानं समजावलं. म्हणून आम्ही संबंध फक्त अपडेटशी लावला.

त्यानंतर चाचणी झाली. एक पूर्ण दिवस मी माझा बँड डाव्या हाताला आणि बाबांचा उजव्या हाताला बांधून ऑफिसला गेलो. संध्याकाळी माझ्यावर दोन हजार नऊशे चार पावलं होती, बाबांच्यावर दोन हजार नऊशे अकरा. यावरून बाबांचा बँड ठणठणीत असल्याचं कोणीही उथळ माणूस म्हणाला असता. समितीनं असा निष्कर्ष काढला की बँड इतरांच्या हातावर नीट चालतो, फक्त बाबांच्या हातावर चालत नाही. म्हणजे दोष गुंतागुंतीचा आहे.

शेवटी बाबांची साक्ष घ्यायचं ठरलं. ते आले, खुर्चीवर टेकले, बँड काढून भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “दुकानात असं एक गिऱ्हाईक हमखास यायचं. म्हातारा माणूस, हातात ऑटोमॅटिक घड्याळ. म्हणायचा, हल्ली मागे पडतं हो. मी उघडून बघायचो, आत काही नसायचं. त्या घड्याळाला चावी नसते ना, हात हलला की ते भरतं. घड्याळ चांगलं असायचं, हातच हलत नसायचा.”

“मग तुम्ही काय करायचात, आजोबा?” मुलीनं विचारलं.

“काय करणार? तोंडावर कसं सांगायचं? म्हणायचो, जरा नाजूक काम आहे. रोज संध्याकाळी इथवर घेऊन या, मी बघून देतो. रोज चालत यायचे बिचारे. पंधरा दिवसांत घड्याळ वेळ धरायचं.”

मग मी साक्षीबद्दल आभार मानले. ‘साक्षीदारांनी जुन्या व्यवसायातल्या रम्य आठवणी सांगितल्या. विषयाशी संबंध नाही,’ अशी सचिवांनी नोंद केली, आणि अपग्रेडचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

नवं मॉडेल खरोखर गुणी होतं. ते पावलं तर मोजतंच, शिवाय नाडी मोजतं, झोप मोजतं, माणूस पडला तर घरच्यांना कळवतं. तासभर बसून राहिलं की हाताला गुदगुल्या करून ‘उठा!’ म्हणतं. सर्वांत मोलाची सोय म्हणजे ‘आपुलकी’. हे बटण एकदा दाबून ठेवलं की वडील माणसाला रोज संध्याकाळी सात वाजता घरच्यांतर्फे ‘तुमची आठवण येते आहे’ असा संदेश आपोआप जातो. घरच्यांना काही करावं लागत नाही. मी ते पहिल्याच दिवशी दाबलं. पुढे दोनतीनदा बाबा आणि मी एकाच टेबलावर जेवत असताना त्यांच्या हातावरचा बँड थरथरला आणि त्यांनी वाचून माझ्याकडे पाहिलं. तंत्रज्ञान माणसांना जवळ आणतं ते असं.

फळ चौथ्या दिवशी मिळालं. बाबांची पावलं नऊ हजारांवर गेली. पाचव्या दिवशी नऊ हजार दोनशे, सहाव्या दिवशी नऊ हजार दोनशे, सातव्याही दिवशी नऊ हजार दोनशे. एवढी शिस्त तरुणांतही दिसत नाही. समितीनं स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. मुलगी तेवढी म्हणाली, “पण बाबा, आजोबा रोज नऊ हजार पावलं चालतायत आणि त्यांची नाडी आढळत नाहीये.” मी ॲप उघडून पाहिलं. खरंच, पावलांखाली ‘नाडी: आढळली नाही’ असं सलग चार दिवस लिहिलेलं होतं. मेहुण्याला विचारलं, तो म्हणाला सेटिंगमध्ये असेल. ढालीच्या नियमांत नाडीचा उल्लेख नसल्यामुळे आम्ही तो विषय स्थगित ठेवला.

त्या तिमाहीत ढाल परत आमच्याकडे आली. या वेळी ऑफिसला ‘सर्वाधिक चालणारे ज्येष्ठ’ म्हणून बाबांचा फोटो हवा होता. मेसेजवर मागितला, उत्तर आलं नाही. मग मी स्वतः उठलो. अकरा पावलं.

दार लोटलेलं होतं. आत टेबलावरचं ते चाक फिरत होतं आणि त्याला बाबांचा नवा बँड बांधलेला होता. चाक नुसतं गोल फिरत नव्हतं. बाबांनी एका बाजूला छोटंसं वजन लावून त्याला असा झोका दिला होता, की चालताना हात जसा मागेपुढे होतो, अगदी तसाच तो बँड होत होता. शेजारी खुर्चीत बाबा बसले होते. त्यांच्यासमोर पोस्टमनकाकांचं जुनं घड्याळ उघडून ठेवलेलं होतं. त्यात काही बिघडलेलं असावं असं वाटलं नाही.

मला राग आला, हे कबूल करतो. पण राग कशाचा ते नीटसं सांगता येईना. मी विचारलं, “बाबा, हे काय?”

“तुझा आकडा पुरा होतो ना?” ते म्हणाले. “ढाल मिळाली ना? मग झालं. मी बसतो, ते चालतं.”

त्यांनी माझा हात धरला, मनगट वळवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्या बँडवरचा आकडा वाचला. संध्याकाळ झाली होती आणि आकडा दोन हजारांच्याही आत होता.

“तुझाच मागे पडतोय रे,” बाबा म्हणाले. “जरा नाजूक काम आहे. रोज संध्याकाळी इथवर घेऊन ये, मी बघून देतो.”

ही तक्रार गंभीर असल्यामुळे मी ती त्याच रात्री समितीपुढे ठेवली. माझ्या बँडची रीतसर तपासणी झाली. दोष आढळला नाही. तरी घरातल्या जाणत्या माणसाच्या शब्दाला मान द्यायचा म्हणून माझ्यासाठीही थेट नवं मॉडेल मागवायचं ठरलं. ते आल्यामुळे माझा जुना बँड बाबांना दाखवायला न्यायचं कारण उरलं नाही. चाक चालू आहे. ढाल परत आल्यापासून आम्ही सलग तिसऱ्या तिमाहीत पहिले आहोत.

तुम्हाला हसू आलं असेल, किंवा माझी कीव. दोन्हींत उष्मांक फारसे खर्च होत नाहीत. पण हे वाचता वाचता तुम्ही किती वेळ एका जागी बसून आहात, हे तुमच्या मनगटाला बिनचूक ठाऊक आहे. पलीकडच्या खोलीत कोण किती वेळ बसून आहे, हे सांगण्याची सोय अजून कुठल्याच मॉडेलमध्ये आलेली नाही. आली की आपण सगळेच अपग्रेड करू. तोवर बसा.