सबनीसकाका घर तपासतात

घर बघायला गेलं की माणसं आधी हॉल बघतात. सबनीसकाका घरात शिरतच नाहीत. चपला पायात तशाच ठेवून ते भिंतीला वळसा घालून मागच्या बाजूला जातात, हात पाठीमागे बांधून उभे राहतात आणि डोळे मिटून खोल श्वास घेतात. मालकाला वाटतं, म्हाताऱ्याला इथली हवा आवडली. मग काका डोळे उघडून विचारतात, "संडासाची टाकी कुठाय?"

बोरिवलीत आमचा आणि काकांचा फ्लॅट समोरासमोर. दारं उघडी असली की त्यांच्या खुर्चीवरून थेट आमचा ओटा दिसतो, आणि दारं बहुतेक वेळा उघडीच असतात. काका शाळेत चित्रकला शिकवायचे. पाण्याशी त्यांचा संबंध जलरंगांपुरता. पण निवृत्त झाल्यावर काका-काकूंनी कर्जतकडे एक टुमदार घर घेतलं. दारात विहीर, विहिरीवर रहाट. त्या रहाटावर भाळून काकांनी बाकी काही विचारलंच नाही. शेजाऱ्याची संडासाची टाकी कुंपणापलीकडे चढावर होती, विहिरीला जवळजवळ खेटून. हे कळेपर्यंत काकूंना कावीळ झाली होती. त्या बऱ्या झाल्या, घर विकलं, दोघं परत आले. पुढे काकू गेल्या त्या वेगळ्याच दुखण्यानं, पण त्या रहाटाबद्दल काकांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी घर बघायला निघालं की काका आधी गाडीत जाऊन बसतात. सोबत एक लांब सुतळी, तिच्या टोकाला पितळी लोटी, आणि पाण्याची रिकामी बाटली. आजवर त्यांनी बरीच घरं पाहिली. निकाल एकच. "नापास."

"जन्मभर बोरिवलीत राहिलेल्या माणसाला वाटतं, नळ सोडला की पाणी येतं आणि बटण दाबलं की सगळं जातं," ते मला म्हणायचे. "कुठून येतं, कुठं जातं? महापालिका जाणे! अरे सुहास, तिथं तूच महापालिका."

मी आणि माझी बायको नीता गोराईकडे घर शोधत होतो. आमची दोघांची कामं घरूनच चालतात, आणि नीताला कित्येक वर्षं अंगण हवंय. अंगण म्हणजे कुंडी नव्हे, जमीन. बोटीनं खाडी ओलांडली की तशी घरं आहेत, पण तिथं विहीर आपली आणि टाकीही आपली. म्हणजे काका आलेच.

काका विहीर उन्हाळ्यातच बघतात. "श्रावणात काय, खड्डापण भरलेला असतो. मे महिन्यात पाणी दाखव." मग सुतळीनं खोली मोजायची. टाकी उताराला आहे की चढाला, हे पाहायला जमिनीवर पाणी ओतून ते कुठं वाहतं ते बघत बसायचं. एका मालकाच्या अंगणात ते असे उकिडवे बसले असता तो माणूस मला हळूच म्हणाला, "काही विधी आहे का?" शेजाऱ्याची टाकी बघायला काका त्याच्याही कुंपणात शिरतात. एकदा कुत्रं मागे लागलं, तरी परत येताना अंतर पावलांनी मोजत आले.

घरं दाखवणारा एजंट राजू पहिल्याच दिवशी वैतागला. "काका, टेन्शन कशाला घेता? टाकीत दर महिन्याला ताक सोडायचं ना, एकदम झकास चालते."

काका जागच्या जागी थांबले. "ताक? उद्या तिला सत्यनारायणाचा प्रसाद दे म्हणशील! टाकीला काही म्हणजे काही लागत नाही रे. तिचे जंतू तिचं तिचं बघतात. वरून अॅसिड ओतून त्यांना मारू नका आणि वेळेवर गाळ उपसून घ्या, संपलं. ताक माणसांनी प्यावं."

अॅसिडचं ऐकून नीतानं मान खाली घातली. ती दर रविवारी संडासात अर्धी बाटली ओतते. परतताना काकांनी बोटीत तिच्याकडून ते बंद करण्याची शपथ घेतली. सगळी बोट ऐकत होती.

पण खरी परीक्षा आमच्या स्वयंपाकघरात व्हायची. विहिरीचं पाणी बाटलीत भरून काका घरी आणायचे. आमच्या ओट्यावर दोन पातेली शेजारी-शेजारी. एकात नळाचं पाणी, एकात विहिरीचं. दोन्हीत तूरडाळ, सारखीच. कुकर लावायचा नाही. पाणी जड किंवा खारं असलं की त्यातली डाळ तासभर उकळली तरी दाताखाली कचकचते. "जंतू डाळीत दिसत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच हवी," काका सांगायचे, "पण त्या पाण्याशी संसार होईल की नाही, ते डाळ सांगते." डाळ शिजेपर्यंत काका स्टुलावर बसून वर्गातल्या गोष्टी सांगायचे, नीताला कांदा कसा चिरावा ते शिकवायचे. मग आम्ही तिघं दोन्ही डाळी भाताबरोबर खायचो. विहिरीची डाळ चावत काका समाधानानं म्हणायचे, "नापास!" एरवी त्यांना डबा येतो. तो त्या दिवशी तसाच राहायचा.

चौथं की पाचवं घर नापास झालं तेव्हा नीता चिडली. "मुद्दाम करतात ते. आपण गेलो तर समोरचं दार बंद होणार ना!" मी तिला गप्प केलं, पण मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग हिराबाईंचं घर आलं. हिराबाई म्हणजे मासळी विकण्यात आयुष्य गेलेली म्हातारी, आता मुलीकडे राहायला निघालेली. घर बसकं, कौलारू, मागे चिंच. काकांनी श्वास घेतला. टाकीचं झाकण उचलायला लावलं. टाकी उताराला, शोषखड्डा त्याच्याही खाली, विहीर पार दुसऱ्या टोकाला चढावर. शेजारी टाकीच नाही, नुसती झाडांची वाडी. लोटी सोडली, पाणी हाताला लागावं इतकं वर.

"आमची बाव कदी आटली नाय," हिराबाई म्हणाल्या. "पानी गोड हाय. बगा पिऊन."

काका बराच वेळ विहिरीच्या काठाला हात टेकून आत बघत राहिले. राजू नापास ऐकायला तयारच होता. काकांनी बाटली भरून माझ्या हातात दिली.

संध्याकाळी दोन्ही पातेली चढली. त्या दिवशी गोष्टी नव्हत्या. थोड्या वेळात दोन्हीकडची डाळ बरोबरीनं फुटली. काकांनी विहिरीच्या पातेल्यातला एक दाणा चिमटीत घेऊन दाबला. तो लोण्यासारखा विरघळला. त्यांनी बोटं पुसली, आणि पुन्हा एक दाणा घेतला.

नीता त्यांच्याकडे बघत होती. अंगणासाठी इतकी वर्षं झुरलेली माझी बायको पुढे आली, चमच्यानं डाळ चाखली आणि म्हणाली, "काका, अजून कच्चीच लागतेय हो."

मला तिचा तेव्हा वाटला तितका अभिमान क्वचितच वाटला असेल.

काकांनी चष्मा काढला. "नाही गं. शिजलेल्या डाळीला कच्ची म्हणू नये." मग गॅस बंद करून मला म्हणाले, "पास. पाणी प्रयोगशाळेत देऊन टाक. ते ठीक आलं की घर घ्या."

आम्ही जेवलो. पाणी प्यायला म्हणून मी उठलो आणि उगाचच बेसिनशी उभा राहिलो.

निघताना काका दारात थांबले. समोर त्यांचं दार उघडं होतं, आत दिवा लावलेला नव्हता.

"एक राहिलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्या टाकीला महिन्यातून एकदा ताक लागेल. ते काही तुम्हाला जमायचं नाही. मी घेऊन येत जाईन."

"लागेलच, काका," मी म्हणालो. "टाकी जुनी आहे."

"महिन्यातून दोनदा लागेल," नीता आतून म्हणाली.