कारण : ऊसतोड

शहर सोडायचं की नाही, हे आदिनाथ तीन वर्षं ठरवत होता. आणि ते ठरेपर्यंत मूल नको, हे दिशाने तीन मिनिटांत ठरवलं होतं.

दोघं पुण्याला वाघोलीत चौथ्या मजल्यावर, एका हॉलच्या आणि एका बेडरूमच्या घरात राहत. ऑफिसातून परतताना आदिनाथ रोज संध्याकाळी सहा ते आठ वाघोलीच्या चौकात असे. तिथं त्याचं काही काम नव्हतं. त्याची गाडी तिथं उभी असे आणि तो गाडीत असे. चौकातला शेंगदाणेवाला आता त्याला घरची विचारपूस करी.

"आपल्या बाळाला बाप फक्त झोपेत दिसणार," दिशा म्हणाली.

"कुणाच्या झोपेत? बाळाच्या की बापाच्या?"

"दोघांच्या. आधी ठरव. गाव की शहर. मग पुढचं."

म्हणून दोन दिवस गावी राहून बघू, असं ठरलं. ठरवायला काय लागतं हे ठरवण्यापर्यंत आदिनाथची मजल नेहमीच जाई.

गाव देवळाली प्रवरेच्या पुढं पाच किलोमीटरवर. चहूबाजूंनी ऊस, मध्ये घरं. वडील राधाकृष्ण, म्हणजे गावाचे राधूनाना, आणि आई बनुबाई यांना त्यांनी "सहज आलो" एवढंच सांगितलं. पोरगा सहज येत नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिशा मात्र सकाळीच सत्यशीलाकडं गेली. सत्यशीला गावची आशाताई. गरोदर बायकांची नोंद, गोळ्या, तपासण्या, सगळं तिच्याकडं.

"इथं राहायला आलो, तर बाळंतपणाची सोय कशी असते?" दिशाने विचारलं.

"तुमी या तर खऱ्या! थांबा, नावच टाकून ठिवते." सत्यशीलाला वरून नवीन ॲप आलं होतं. मात्र तिच्या घरी रेंज फक्त कडबाकुट्टीच्या यंत्रावर चढल्यावर मिळे. ती चढली. यादीत 'पात्र जोडपे' या ओळीखाली 'गरोदर माता' ही ओळ होती. यंत्र जरा हललं, बोट जरा घसरलं, आणि दिशा गरोदर झाली.

घराचा मोबाईल नंबर म्हणून ॲपने जुन्या यादीतला नंबर उचलला. तो नानांचा होता.

संध्याकाळी नाना डेअरीवर दूध घालायला उभे असताना मेसेज वाजला. चष्मा घरी. त्यांनी मोबाईल डेअरीवाल्या छगनच्या हातात दिला.

"अभिनंदन," छगनने खणखणीत आवाजात वाचलं, "आपण गरोदर आहात." मग त्याने नानांकडं खालून वर पाहिलं. "नाना, ह्या वयात?"

"म्या न्हाई," नाना म्हणाले. का कुणास ठाऊक, ते दोनदा म्हणाले.

खुलासा व्हायला पंधरा मिनिटं लागली. तोवर रांगेतल्या बत्तीस जणांनी तारीख काढली होती. नाना दोन किलो पेढे घेऊन घरी आले.

"नाना, तसं काही नाहीये," आदिनाथ म्हणाला.

"लाजू नगं. सरकारनं कळवलंय."

"अहो, पण दिशालाच माहीत नाही!"

"तिला कसं म्हाईत आसल? मेसेज माझ्या मोबाईलवर आला." नानांचे डोळे भरले होते. बनुबाई दारातून दिशाकडं एकटक बघत होती.

जेवणाआधी गहिनीनाथ गुरुजी आले. ते झेडपीच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या हातात हजेरीपट होता.

"पट एकोणीस आहे, आदिनाथ. वीसच्या खाली गेलं की शाळेवर गंडांतर. विसावं वाटेत आहे, एवढं वर कळवू का?"

"गुरुजी, सहा वर्षं आहेत अजून!"

"माझ्या निवृत्तीलाही सहाच आहेत," गुरुजी म्हणाले आणि पेढा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी आदिनाथ सत्यशीलाच्या दारात उभा राहिला. "वहिनी, नाव काढा."

"काढता येत न्हाई, भाऊजी. नाव आत गेलं की बाहेर बाळच येतं."

"दुसरा काही मार्ग?"

सत्यशीला यंत्रावर चढली. "चार हायेत. एक, बाळंतपन. त्यात बाळाचं वजन मागतंय. दुसरं मी दाबायची न्हाई, खोटं आसलं तरी हात धजायचा न्हाई. तिसऱ्यात दिशाताई जात्यात."

"कुठं जातात?"

सत्यशीलाने आभाळाकडं बोट केलं.

"चौथा?"

"स्थलांतरित. तुमी गाव सोडलं आसं लिवायचं. मंग नाव हितून जातंय."

आदिनाथ खाली बसला. तीन वर्षं जे ठरत नव्हतं ते ठरवायला आता एक बोट पुरणार होतं, तेही दुसऱ्याचं. दिशा गरोदर नाही एवढं खरं सांगायचं, तर गाव कायमचं सोडलं हे सांगावं लागत होतं.

"दाबा," तो म्हणाला. आयुष्यातला हा त्याचा पहिलाच स्पष्ट निर्णय.

"कारन मागतंय. ऊसतोड, वीटभट्टी, इतर."

"इतर."

"इतर उघडत न्हाई." तिने आणखी दोनदा दाबून पाहिलं. "ऊसतोड टाकते. आपल्याकडं तेच चालतंय."

अशा तऱ्हेने, ज्यांच्या उसाला दरवर्षी बाहेरून टोळी येते त्या राधूनानांचा मुलगा, कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन, ऊस तोडायला वाघोलीला गेला.

चौथ्या दिवशी वाघोलीच्या घराची बेल वाजली. दारात तिथली आशाताई होती, चार जिने चढून दमलेली. लिफ्ट असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

"ऊसतोड कामगाराची कोपी, म्हणजे झोपडी, गच्चीवर आहे का हो?"

"आम्हीच ते," आदिनाथ मेल्यासारखा म्हणाला.

तिने सोफा पाहिला, लॅपटॉप पाहिला, आणि मोबाईलमध्ये बघून विचारलं, "कोयते किती?"

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे उसाच्या गावात वाढलेल्या आदिनाथला माहीत होतं. "एक," तो म्हणाला. खोटं बोलायचं, तर निदान पुरतं तरी असावं. मग त्याने हात जोडले. "ताई, हे चुकून झालंय. नाव काढा."

"काढता नाही येत. मूळ गावी परत पाठवता येईल. पाठवू?"

दिशा हसू लागली. ती बराच वेळ हसत होती, आणि शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं.

रविवारी नाना आणि बनुबाई आले. सोबत गव्हाचं पोतं, तुपाचा डबा, डिंकाचे लाडू.

"सत्यशीला म्हनली, नाव पुन्याला ग्येलं. मंग आमी बी आलो," नाना म्हणाले. "शेत वाट्यानं दिलं, म्हशी शेजारच्या कानिफनाथला दिल्या. आता बाळ हुईस्तोवर हितंच."

"नाना, पण आम्हीच गावी यायचं म्हणत होतो!"

"गावी?" नानांना खरोखर आश्चर्य वाटलं. "तितं कोन हाय? आपली आळी सगळी ह्याच रस्त्याला ऱ्हाती." मग त्यांनी घर पाहिलं आणि झोपायची व्यवस्था लावली. "सून आन तुजी आई आत. आपुन दोगं भाईर. पोटुशा बाईला जपाय लागतं, नऊ म्हैने."

स्वयंपाकघरात दिशाने धीर केला. आदिनाथ पाण्याच्या निमित्ताने तिथंच उभा होता.

"आई, एक खरं सांगायचंय. मला दिवस गेलेले नाहीत."

"म्हाईत हाय," बनुबाई लाडवांचा डबा फळीवर सरकवत म्हणाली. "पयल्याच दिशी वळखलं. तोंडावरनं कळतं."

"मग आलात कशा?"

बनुबाईने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. "चाळीस वर्सं म्हशी काढल्या, बाई. गुडघं ग्येलं. ह्यांना म्हनलं आस्तं पुन्याला जाऊ, तर आले आस्ते व्हय? नातवासाठी आले. आता सांगू नगंस. सांगितलं तर उद्याच माघारी न्हेतील मला."

"आणि नऊ महिन्यांनी?"

"तवर करा कायतरी."

"आई," दिशा शांतपणे म्हणाली, "तुम्ही आत झोपणार. हे बाहेर, नानांपाशी. काय करणार?"

बनुबाईचा हात नळावरच राहिला. ती विचारात पडली. उपाय नाही असं तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"कोपऱ्यावर देऊळ हाय," ती हळूच म्हणाली. "हरिपाठ आसतो, पाटी वाचली म्या येताना. मी ह्यांना रोज न्हेते. दोन तास. घर मोकळं."

आदिनाथच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उमललं. गाव की शहर हा प्रश्न राहू दे बाजूला, दोन तास तर मिळाले.

"किती वाजता असतो?" त्याने विचारलं.

"सांजंला," बनुबाई म्हणाली. "सहा ते आठ."