सूचना टायरच्या आत

सूचना ही वाचण्यासाठी नसून लावण्यासाठी असते, हे ज्याला लवकर कळते तो नोकरीत वर चढतो. मला ते पहिल्याच वर्षी कळले. म्हणूनच सायकलच्या रिमा बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात आज मी सुरक्षा-सूचना विभागाचा प्रमुख आहे. (विभागात माझ्याखाली एक टंकलेखक आणि एक डिंकाची बाटली आहे.)

पूर्वी आमच्या रिमेच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असत. त्या हुकात टायरची कड अडकून बसे आणि हवा जरा जास्त झाली तरी टायर जागचा हलत नसे. थोडक्यात, रिम ग्राहकाच्या चुका पोटात घालत असे. पुढे संचालकांच्या लक्षात आले की हूक काढून टाकला तर माल कमी लागतो, साचा सोपा होतो आणि किंमत वाढवता येते. (किंमत वाढवायची कशासाठी, असे एका कारकुनाने विचारले होते. तो हल्ली गोदामात असतो.) बिनहुकाच्या रिमेची कड सरळ आणि बाणेदार असते. ती कोणालाही धरून ठेवत नाही. टायर तिथे निव्वळ परस्परविश्वासावर बसतो, आणि विश्वास टिकायचा तर हवा बेताचीच हवी. मर्यादा ओलांडली की टायर रिमेचा निरोप घेतो.

तेव्हा मर्यादेची सूचना लावणे आले. आधी ती बाहेरून चिकटवली. शोभा जाते म्हणून ग्राहकांनी ती नखाने खरवडून काढली. मग पुस्तिकेत छापली. पुस्तिका कोण वाचते हे पाहण्यासाठी सातव्या पानावर ‘हे वाचणाऱ्यास एक चाक मोफत’ असे घातले. चाक मागायला एकच माणूस आला, आणि तो आमचाच मुद्रितशोधक निघाला. (त्याला चाक दिले नाही. वाचणे हे त्याचे कामच आहे.)

शेवटी मी शास्त्रीय पाहणी केली. शंभर ग्राहकांना विचारले, ‘आपण सूचना केव्हा वाचता?’ ब्याण्णव जणांनी ‘काही झाल्यावर’ असे सांगितले, सातांनी ‘मला काही होत नाही’ असे, आणि एकाने प्रश्न न वाचताच ‘होय’वर खूण केली. लोकमताचा आदर करून मी सूचना रिमेच्या आतल्या बाजूला, टायरखाली लावली. आम्ही चाके टायर बसवूनच विकतो, त्यामुळे ती अवेळी कोणाच्या नजरेस पडत नाही. टायर निसटला की मात्र समोर येते. टायर निसटलेल्या ग्राहकांत वाचनाचे प्रमाण शंभर टक्के आहे. (शुद्ध हरपलेले वगळून.)

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सायकलच्या शर्यतींत भाग घेतो. आई लवकर गेल्यामुळे बायकोनेच त्याला लहानाचा मोठा केला आहे. माझ्या ओळखीने त्याने ही चाके घेतली आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात हवा भरायला बसला.

“किती भरतोयस रे?” बायकोने विचारले.

“टायर दगडासारखा झाला की बास, ताई. बाबा असंच भरायचे.”

(सासऱ्यांची रिम हुकाची होती. त्या काळी चुका परवडत.)

“अहो, किती भरायची असते हो यात?”

“सूचनेत दिले आहे,” मी म्हणालो.

“कुठंय सूचना?”

“टायरच्या आत.”

“मग तोंडानं सांगा की! तुम्हीच लिहिलीय ना?”

लिहिली मीच होती. पण आकडा तांत्रिक विभागाने दिलेला, आणि त्यांचा आकडा आम्ही तोंडी सांगणे नियमात बसत नाही. शिवाय तो मला आठवत नव्हता. (ही बाब गौण आहे.)

“अहो, हा आत्ता टेकडीच्या उतारावरून सुसाट सुटणार आहे,” ती म्हणाली. “ह्याला काही झालं तर मी तुम्हाला घरात घेणार नाही.”

खरे सांगतो, मलाही भीती वाटली. पोरगा गुणी आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. ‘थांब रे’ म्हणायला मी तोंड उघडले, तेवढ्यात त्याने पंपाचे आणखी दोन दणके हाणले.

फळीवरची पातेली खाली आली. टायरमधले पंक्चर बुजवणारे पांढरे द्रावण भिंतीवर, छतावर आणि माझ्या उघड्या तोंडात गेले. बायकोने धावत जाऊन भावाचे हात, डोळे, कान चाचपले, सगळे जागच्या जागी आहे अशी खात्री झाल्यावर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडू लागली. मेहुणा मात्र वाकून उघड्या रिमेकडे बघत होता. त्याने सूचना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचली. माझे लिखाण कोणी मोठ्याने वाचण्याची ही पहिलीच वेळ. माझा कंठ दाटून आला. (द्रावणही होतेच.)

त्याने नवा टायर चढवला, सूचनेत होती तेवढीच हवा भरली, उतार उतरला आणि जेवायला घरी आला. अहवालात मी ‘सूचना परिणामकारक’ अशी नोंद केली.

सूचना आत लावणे हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे, असे काही सज्जन म्हणतात. वाचताना तुम्हीही तेच म्हणाला असाल, आमच्या विभागाला हसलाही असाल. सायकल तुमच्याही घरी असेल, कदाचित या घटकेला मुलगा तीच घेऊन बाहेर गेलाही असेल. मेहुण्याने मोठ्याने वाचलेला तो आकडा मी इथे कुठेच लिहिलेला नाही. तो किती, असे तुमच्या मनात एकदा तरी आले का?

नाही ना? मग आत लावली तेच बरे केले.